शब्दाचे कूळ आणि अनुवादकाची निवड : मराठीच्या संदर्भात एक विचार

१. प्रास्ताविक

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी मराठीत म्हण आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र हा निषेध फारसा कोणी पाळलेला दिसत नाही. यास्काच्या निरुक्तापासून कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’पर्यंत (१९४६) शब्दांची कुळे शोधण्याची परंपरा अखंड चालत आली आहे. तिच्यातून भाषेच्या इतिहासाविषयी मोलाची माहिती हाती आली. त्याचबरोबर एक समजही पक्का झाला : शब्दाचे मूळ कळले की त्याचा खरा अर्थ कळला, आणि मूळ परके असेल तर तो शब्दही परका.

साहित्याच्या अनुवादात या समजाची कसोटी लागते. कोशकाराला शब्दाचा इतिहास नोंदवून थांबता येते. अनुवादकाला थांबता येत नाही. त्याला दोन-तीन पर्यायांतून एक उचलावा लागतो आणि उरलेले टाकून द्यावे लागतात. हे करताना शब्दाच्या कुळाला किती वजन द्यावे? काहींच्या मते ते सर्वस्व आहे. काहींच्या मते ते केवळ कुतूहलाचा विषय आहे आणि वाचकाला आजचा अर्थ पोहोचला की काम भागले. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. व्युत्पत्ती शब्दाचा अर्थ ठरवीत नाही. पण ती शब्दाच्या आत दडून राहते आणि एखादी साहित्यकृती तिला पुन्हा जागे करू शकते. असे केव्हा घडते हे ओळखणे हा अनुवादकाच्या निवडीचा महत्त्वाचा भाग आहे, हे काही शब्दांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. ‘अनुवाद’ या संज्ञेचेच कूळ

या व्यवहाराला मराठीत जी नावे आहेत, त्यांची कुळेच एकमेकांशी जुळत नाहीत. ‘भाषांतर’ म्हणजे दुसरी भाषा. या शब्दात लक्ष भाषेच्या बदलावर आहे. काय बदलले आणि काय राहिले, याविषयी तो काही सांगत नाही. इंग्रजीतील ‘ट्रान्स्लेशन’ हा शब्द पलीकडे वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे. मध्ययुगीन युरोपात संतांचे अवशेष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी समारंभपूर्वक नेण्यालाही हाच शब्द वापरीत. अर्थ ही एखादी वस्तू असून ती एका काठावरून उचलून दुसऱ्या काठावर ठेवता येते, ही कल्पना त्या शब्दात गृहीत आहे. उतारात काही सांडले, हरवले, अशी तक्रार अनुवादाविषयी नेहमी केली जाते. तिच्या मुळाशी हेच रूपक आहे.

‘तर्जुमा’ हा अरबी शब्द आणखी जुन्या व्यवहारातून आला आहे. त्याची नाळ अरमाईक भाषेतील ‘तर्गुम’ आणि त्याही मागे जाऊन अक्कडी भाषेतील दुभाष्याचा वाचक असलेल्या शब्दाशी जोडली जाते. पश्चिम आशियाच्या दरबारांतील दुभाष्यांना इंग्रजीत ‘ड्रॅगोमन’ म्हणत; तोही याच घराण्यातला. येथे दोघांच्या मधे उभा राहून बोलणारा माणूस महत्त्वाचा आहे. वस्तू वाहून नेण्याचा संबंध नाही.

‘अनुवाद’ या संस्कृत शब्दाची वाट सर्वांत वेगळी. अनु म्हणजे मागाहून, आणि वाद म्हणजे बोलणे. न्यायसूत्रांत ब्राह्मणवाक्यांचे विधी, अर्थवाद आणि अनुवाद असे तीन प्रकार मानले आहेत. आधी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे अनुवाद. मग अनुवाद आणि पुनरुक्ती यांत भेद काय, असा आक्षेप तेथेच उपस्थित केला आहे. पुनरुक्ती निष्प्रयोजन असते, तर अनुवादाला प्रयोजन असते, हे त्याचे उत्तर. त्या चर्चेत भाषा बदलण्याचा प्रश्नच नव्हता. भाषांतर या अर्थाने हा शब्द पुढे रूढ झाला.

या चारही शब्दांचा आजचा अर्थ जवळपास एकच आहे. त्यांच्या व्युत्पत्तीवरून अनुवादाचे खरे स्वरूप सिद्ध होत नाही. पण प्रत्येक शब्द विचाराला वेगळी दिशा देतो. वाहून नेण्याच्या रूपकातून काय हरवले हा प्रश्न पुढे येतो, तर पुन्हा सांगण्याच्या कल्पनेतून कोणत्या प्रयोजनाने सांगितले हा प्रश्न पुढे येतो. हा दुसरा प्रश्न पुढील विवेचनाला अधिक उपयोगी आहे.

३. योगार्थ आणि रूढार्थ

शब्दाचा अवयवांवरून निघणारा अर्थ आणि व्यवहारात ठरलेला अर्थ यांतील भेद भारतीय शास्त्रकारांना चांगला ठाऊक होता. यौगिक, रूढ आणि योगरूढ असे शब्दांचे प्रकार त्यांनी केले. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले; पण चिखलात जन्मलेल्या प्रत्येक गोष्टीला कोणी पंकज म्हणत नाही. योगार्थ आणि रूढार्थ यांचा विरोध आला तर रूढार्थ बलवान, हा मीमांसकांचा दंडक आहे. व्युत्पत्तीच्या आधारे शब्दावर निकाल देणाऱ्यांना हे उत्तर आपल्याच परंपरेत फार पूर्वी मिळालेले आहे.

मराठीतील एक साधे उदाहरण घेता येईल. सात दिवसांच्या कालावधीशी संबंधित तीन शब्द मराठीत आहेत : ‘आठवडा’, ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’. ‘हप्ता’ हा फारसीतील सात या संख्येवरून आला आणि ‘सप्ताह’ संस्कृतातील सातवरून. फारसी आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुलाच्या शाखा असल्यामुळे ‘हफ्त’ आणि ‘सप्त’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. आठवडा मात्र सातांचा असूनही नावात आठ बाळगतो, कारण एका बाजारवारापासून पुढच्या त्याच वारापर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ दिवस भरतात. कुळाने पाहता ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ सख्खे आणि ‘आठवडा’ वेगळा. व्यवहारात मात्र कर्जाचा हप्ता असतो, हरिनामाचा सप्ताह असतो आणि नोकरीचा आठवडा असतो. गुंडाने दुकानदाराकडून सप्ताह वसूल केला असे एखाद्या अनुवादित कादंबरीत छापले गेले, तर वाचक हसेल. शब्दाचे कूळ शुद्ध झाले तरी वाक्य बिघडेल.

‘तुरुंग’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. तो पोर्तुगीज ‘ट्रॉन्को’वरून मराठीत आला, असे सामान्यतः मानले जाते. त्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकविण्याच्या लाकडी ओंडक्याला आणि त्यावरून कैदखान्याला तो लावला गेला. मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे चोखाळलेली दिसते. पाय अडकविण्याच्या लाकडी साधनाला मराठीत ‘खोडा’ म्हणतात, आणि त्याचे ‘खोड’ या शब्दाशी असलेले नाते उघड आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केलेला हा विचार नंतर एकाच भाषेत शेजारी येऊन बसला. आज ‘तुरुंग’ हा शब्द उच्चारताना कोणाला पोर्तुगीज आठवत नाही. अनुवादकापुढे ‘तुरुंग’, ‘कारागृह’, ‘बंदिशाळा’, ‘कैदखाना’ असे पर्याय असतात. त्यांतील भेद सामाजिक स्तराचा आहे. फाटकावरच्या पाटीवर ‘कारागृह’ शोभते. सुटून आलेल्या माणसाच्या तोंडी मात्र ‘तुरुंग’च हवा. तेथे ‘कारागृह’ घातले, तर तो माणूस अर्ज लिहीत असल्यासारखा बोलू लागतो.

शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी निगडित असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अरबी-फारसी राजकीय संज्ञांना त्यात संस्कृत पर्याय दिले. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची नावेही बदलली : पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. हा प्रयत्न केवळ शब्दांच्या शुद्धीपुरता नव्हता. नव्या सार्वभौम सत्तेला तिची स्वतःची भाषा देण्याचे प्रयोजन त्यामागे होते, आणि त्या प्रयोजनामुळे तो न्यायसूत्रांच्या अर्थानेही ‘अनुवाद’ ठरतो. परिणाम मात्र शब्दागणिक वेगळा झाला. ‘सचिव’, ‘अमात्य’, ‘सेनापती’ टिकले. ‘मुख्य प्रधान’ मागे पडला, आणि अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा इतिहास ‘पेशवे’ या फारसी शब्दानेच ओळखला जातो. अग्रभागी असणारा हा त्याचा मूळ अर्थ. कोणता शब्द टिकावा हे कोशाने ठरविले नाही. त्या पदावर बसलेल्या माणसांच्या कर्तृत्वाने ठरविले.

विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ असे कित्येक शब्द आज इतके अंगवळणी पडले आहेत की ते घडविलेले आहेत हेही ध्यानात येत नाही. ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, त्याच माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पुरस्कार केला. शब्दांची परकी कुळे ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्यालाच ती सर्वांत अधिक खटकावीत, हे मनोज्ञ आहे. सामान्य बोलणाऱ्याला ‘खुर्ची’ अरबी आहे हे ठाऊक नसते, म्हणून तो निश्चिंतपणे तिच्यावर बसतो. व्युत्पत्तीचे ज्ञान शब्दाशी असलेले नाते बदलून टाकते, आणि अनुवादकापाशी हे ज्ञान बहुधा असतेच. म्हणून ते कोठे वापरावे आणि कोठे बाजूला ठेवावे याचा विवेक त्याला अधिक लागतो.

४. एका कुळातील परके शब्द

भारतीय भाषांतील परस्पर अनुवादात कुळाचा वेगळाच धोका संभवतो. समान संस्कृत मूळ अनुवादकाला गाफील करते. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीतील शिक्षा म्हणजे दंड. दोन्हींचे मूळ एकच, समर्थ होण्याची इच्छा या अर्थाच्या धातूत आहे. ‘राजीनामा’ या फारसी शब्दाचा अवयवार्थ संमतीचा लेख. हिंदीच्या कायदेशीर व्यवहारात त्याचा अर्थ तडजोडपत्र असा होतो, मराठीत पदत्याग. हिंदी कथेतील दोन भावांनी न्यायालयात राजीनामा दिला, तर मराठी वाचक ते कोणत्या नोकरीत होते याचा विचार करू लागेल.

साहित्यप्रकारांच्या नावांतही हेच दिसते. इंग्रजी ‘नॉव्हेल’च्या मुळाशी नवेपणाचा अर्थ आहे. हा प्रकार भारतात आला तेव्हा प्रत्येक भाषेने त्याचे नामकरण आपापल्या परीने केले. बंगाली आणि हिंदी यांनी ‘उपन्यास’ हा शब्द घेतला. त्याचा जुना अर्थ मांडणी, प्रस्ताव. कन्नड आणि तेलुगू भाषांत त्याच शब्दाचा अर्थ व्याख्यान असा होतो. गुजरातीने ‘नवलकथा’ हा शब्द योजला. त्यात इंग्रजी शब्दाचा ध्वनी आहे आणि नवलाचा अर्थही. मराठी आणि कन्नड यांनी ‘कादंबरी’ हे नाव स्वीकारले. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याचे आणि त्यातील गंधर्वकन्येचे हे नाव. संस्कृतात हा शब्द मद्यालाही लावीत.

येथे व्युत्पत्ती निव्वळ गमतीची राहत नाही. १८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चा विषय विधवांची दुःस्थिती हा होता. अशा वास्तवदर्शी लेखनाचा समावेश करणाऱ्या प्रकाराला मराठीने एका अद्भुतरम्य संस्कृत कथेचे नाव दिले. गुजराती नाव नवेपणाकडे बोट दाखविते, मराठी नाव परंपरेकडे. नव्या प्रकाराला जुन्या कुळात दत्तक घेण्याचा हा व्यवहार होता. मराठीतील आरंभीच्या कादंबरीत वास्तव आणि अद्भुत यांचा जो झगडा दिसतो, तो नावामुळे निर्माण झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण नावाने तो नोंदवून ठेवला आहे. ‘कादंबरी’ असे लिहिताना इंग्रजीत ‘नॉव्हेल’ म्हणणे अपरिहार्य आहे. वाङ्मयेतिहासाच्या अनुवादात मात्र हे दोन शब्द निव्वळ समानार्थी मानले, तर दत्तकविधानाची ही कथा पुसली जाते.

५. ‘त्राटिका’ : एका शीर्षकाचा प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेक्सपिअरची नाटके मराठीत आली तेव्हा त्यांची शीर्षके बहुधा नव्याने रचली गेली. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखात्मिकेला ‘त्राटिका’ हे नाव दिले. या नावातील निवड व्युत्पत्तीच्या अंगाने तपासण्यासारखी आहे.

इंग्रजीतील ‘श्रू’ हा चिचुंद्रीसारख्या एका छोट्या प्राण्याचा वाचक. त्या प्राण्याचा दंश विषारी असतो अशी लोकसमजूत होती. त्यावरून दुष्ट, तापदायक माणसाला हे नाव मिळाले असे कोशकार सामान्यतः मानतात. प्रारंभी ते पुरुषालाही लावले जाई. पुढे पुरुषाचा संबंध सुटला आणि केवळ भांडखोर स्त्री एवढा अर्थ उरला. शब्दाचा हा संकोच हाच एक सामाजिक इतिहास आहे. शेक्सपिअरच्या शीर्षकात ‘श्रू’च्या जोडीला माणसाळविण्याची क्रिया आहे, आणि नाटकाचा नायक आपल्या पत्नीविषयीच्या योजनेची तुलना ससाणा शिकविण्याच्या रीतीशी करतो. म्हणजे शीर्षकातील निद्रिस्त प्राणी नाटकात जागा होतो. स्त्रीला जनावर मानण्याचे रूपक संपूर्ण कृतीत पसरलेले आहे आणि त्याचे बीज त्या एका शब्दाच्या कुळात आहे.

‘त्राटिका’ हे रामायणातील ताटकेचे मराठी रूप. विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि कजाग बाईला त्राटिका म्हणण्याची रीत पडली. आजच्या अर्थापुरते पाहिले तर ‘श्रू’ला याहून नेमका मराठी प्रतिशब्द सापडणे कठीण. दोन्ही शब्द स्त्रीलाच लावले जातात, दोन्हींत भीती आणि उपहास यांचे मिश्रण आहे, आणि दोन्ही रंगभूमीवर चटकन पोहोचतात. केळकरांची निवड या दृष्टीने अचूक होती.

मात्र कुळे भिन्न आहेत. प्राण्याच्या जागी राक्षसी आली. प्राणी माणसाळविता येतो. राक्षसीला माणसाळवीत नाहीत, तिचा वध करतात. बालकांडात रामाने विश्वामित्राच्या आज्ञेने ताटकेचा वध केला. स्त्रीला मारताना संकोच बाळगू नकोस, असे ऋषीला त्याला सांगावे लागले. मराठी शीर्षकातून माणसाळविण्याची क्रिया गळाली, आणि ती गळणे या नव्या शब्दाच्या स्वभावाला धरूनच होते. मूळ शीर्षकात कर्ता पुरुष आणि कर्म स्त्री आहे. मराठी शीर्षकात फक्त ती आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रामायणातील ताटका जन्माने राक्षसी नाही. ती यक्षकन्या होती. पती सुंद अगस्त्याच्या शापाने मरण पावल्यावर ती ऋषीवर धावून गेली आणि त्याच्या शापाने राक्षसी झाली. ‘त्राटिका’ हा शब्द सहज वापरणाऱ्याला ही विधवेची कथा आठवत नाही. आठवली तर शब्द इतक्या सहज वापरता येणार नाही. या नाटकाचा आज कोणी नव्याने अनुवाद केला आणि तिच्या उग्रपणामागे काही कारण आहे असे दाखवू पाहिले, तर हे विसरलेले कूळ त्याच्या मदतीला येऊ शकेल. ‘श्रू’च्या कुळात ही शक्यता नाही. अनुवादात काही हरवते तसे कधी मुळात नसलेले काही हातीही लागते, ते असे.

६. साक्षी आणि आहुती

‘मार्टर’ या शब्दाच्या अनुवादात कुळाचा प्रश्न तीव्रतम होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार. अरबीतील ‘शहीद’ हाही साक्ष या अर्थाच्या धातूपासूनच आला आहे. धर्मश्रद्धेसाठी मरणारा माणूस आपल्या मरणाने सत्याची साक्ष देतो, ही दोन्हींमागील धारणा. मराठीतील ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांच्या नावाशी जोडला जातो. त्याचे कूळ यज्ञाचे आहे : ज्याने स्वतःची आहुती दिली तो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर मुंबईतील हुतात्मा चौकाने तो मराठी माणसाच्या नकाशावरच कोरला गेला. राष्ट्रीय किंवा सामाजिक लढ्यात प्राण गेलेल्यांसाठी याहून समर्थ शब्द मराठीत नाही.

परंतु टी. एस. एलियटचे ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ (१९३५) हे नाटक मराठीत आणायचे झाल्यास हा समर्थ शब्दच अडचणीचा ठरेल. आर्चबिशप बेकेट मृत्यूला सामोरा जात आहे. चार मोह त्याच्यापुढे येतात. पहिले तीन त्याच्या ओळखीचे आहेत. चौथा अनपेक्षित आहे. तू स्वतःच हौतात्म्य शोध, त्यातून मिळणारे अक्षय वैभव मिळव, असे तो सुचवितो. नाटकाचा सारा ताण येथे आहे. योग्य कृती चुकीच्या हेतूने होण्याचा हा धोका बेकेट ओळखतो. ख्रिस्तजयंतीच्या प्रवचनात तो जे प्रतिपादन करतो त्याचा आशय असा : हौतात्म्य माणसाच्या इच्छेने घडत नाही, ज्याने आपली इच्छा ईश्वराच्या इच्छेत विलीन केली आहे आणि ज्याला हौतात्म्याच्या कीर्तीचीही आस उरलेली नाही, तोच खरा.

‘हुतात्मा’ या शब्दात आत्म्याची आहुती देणारा कर्ता तो स्वतःच आहे. यज्ञात यजमानाचा संकल्प असतो आणि फळाची अपेक्षाही असू शकते. म्हणजे बेकेट ज्या स्वेच्छेपासून दूर जाऊ पाहतो, ती त्या शब्दाच्या अवयवांतच बसलेली आहे. एरवी हे अवयव झोपलेले असतात आणि रूढार्थ बलवान असतो. पण हे नाटक शब्दाच्या अर्थाविषयीच आहे. प्रवचनात बेकेट या शब्दाची फोड करतो, तेव्हा मराठी श्रोत्याच्या कानावर ‘हुतात्मा’ पडला, तर चौथ्या मोहाची बाजू न कळत बळकट होते.

पर्याय नाही असे नाही. मलयाळममध्ये या अर्थी ‘रक्तसाक्षी’ हा शब्द रूढ आहे आणि मराठी ख्रिस्ती लेखनातही तो आढळतो. ग्रीक मुळातील साक्षीचा अर्थ तो राखतो. शिवाय मराठी वाचकाच्या मनात ‘साक्षी’ या शब्दाभोवती वेदान्ताचे वलय आहे : पाहणारा, पण कर्तृत्वाचा अभिमान न धरणारा. बेकेटला जी अवस्था अभिप्रेत आहे, तिच्या हा अर्थ ‘हुतात्म्या’पेक्षा कितीतरी जवळ जातो. उलट बाजूही नोंदविली पाहिजे. ‘रक्तसाक्षी’ हा बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना अनोळखी वाटेल, आणि रंगभूमीवर अनोळखी शब्दाला खुलासा करायला सवड नसते. तरीही हे नाटक प्रवचनाच्या निमित्ताने तो खुलासा स्वतःच करते. म्हणून येथे अनोळखीपणाची किंमत मोजणे योग्य ठरेल. स्वातंत्र्यलढ्यावरील इंग्रजी ग्रंथाच्या अनुवादात मात्र ‘हुतात्मा’ सोडून ‘रक्तसाक्षी’ घेण्याचे काही कारण नाही. शब्द तेच, कुळे तीच. कृती बदलली की निवड बदलते.

७. ‘संसार’ : तत्त्वज्ञानाकडून स्वयंपाकघराकडे

आतापर्यंतची उदाहरणे बहुतांशी मराठीत येणाऱ्या अनुवादाची होती. मराठीतून बाहेर जाताना सर्वांत कठीण पडणाऱ्या शब्दांत ‘संसार’ आणि ‘प्रपंच’ यांची गणना करावी लागेल. ‘संसार’ म्हणजे सतत सरकत, फिरत राहणे. त्यावरून जन्ममरणाचा फेरा. ‘प्रपंच’ म्हणजे विस्तार, नानात्वाने दिसणारे जग. दर्शनांच्या परिभाषेतील हे शब्द मराठीत घरात आले. संसार थाटला जातो, संसाराला हातभार लावला जातो, पुरात संसार वाहून जातो. लग्नात संसारोपयोगी भांडी देतात. इतर भाषांतही त्यांचे अर्थ बदलले, पण जन्ममरणाचा फेरा आणि चूल-पोळपाट एकाच शब्दात इतक्या निकट नांदत असल्याचे उदाहरण विरळ.

संतसाहित्यात ही निकटता केवळ भाषिक योगायोग राहत नाही. रामदासांनी दासबोधात प्रपंच आणि परमार्थ यांचा संबंध विस्ताराने मांडला आणि प्रपंच टाकून परमार्थ करणाऱ्याला सावध केले. तुकारामांच्या अभंगांत संसाराविषयीचा वैताग दुष्काळ, कर्ज, घरातील मृत्यू यांतून आलेला आहे आणि त्याच वेळी तो भवचक्राविषयीचा वैतागही आहे. कोठे एक अर्थ संपून दुसरा सुरू होतो हे सांगता येत नाही. सांगता येऊ नये यातच त्या उद्गाराचे सामर्थ्य आहे. आनंदवर्धनाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे एक अर्थ वाच्य आणि दुसरा व्यंग्य आहे, आणि ओळीओळीला त्यांची जागा बदलते.

इंग्रजी अनुवादकाला हा शब्द फोडावा लागतो. जग, ऐहिक जीवन, घरदार, कुटुंब यांपैकी एक काहीतरी त्याला निवडावे लागते. जग म्हटले की तुकाराम संन्यासी तत्त्वज्ञ वाटू लागतो. घरदार म्हटले की त्रस्त गृहस्थ. दिलीप चित्रे यांच्या ‘सेज तुका’ने (१९९१) तुकारामाला इंग्रजी वाचकापुढे आधुनिक कवी म्हणून उभे केले. त्या वा अन्य कोणत्याही अनुवादाची कसोटी एका शब्दाच्या प्रतिशब्दावर घेणे अन्यायाचे होईल. संपूर्ण पुस्तकात हे दोन्ही तुकाराम एकत्र भेटतात की नाही, हा प्रश्न अधिक रास्त आहे. एका ओळीत हरवलेली व्यंजना शेजारच्या ओळीत भरून काढता येते.

हिंदी अनुवादकाची परिस्थिती वरवर सोपी, प्रत्यक्षात अधिक फसवी. ‘संसार’ शब्द जसाच्या तसा ठेवता येतो, पण हिंदीत त्याचा मुख्य अर्थ दुनिया. घराचा अर्थ आणायचा तर ‘गृहस्थी’ म्हणावे लागते, आणि मग भवचक्र सुटते. इंग्रजी अनुवादकाला आपण काही गमावतो आहोत हे निदान ठाऊक असते. हिंदी अनुवादकाला शब्द शाबूत दिसतो, म्हणून तोटा दिसत नाही.

‘बहिणाबाईंची गाणी’ (१९५२) या संग्रहात हा प्रवास उलट दिशेने घडतो. तेथे संसार प्रथम चुलीपाशी भेटतो. तत्त्वज्ञानाची परिभाषा कोठेही नाही. पण शब्दाचे जुने कूळ त्या अनुभवाच्या तळाशी असते, म्हणून भाजणे-सोसणे हे एका बाईच्या दिनक्रमापुरते राहत नाही. अनुवादकाने येथे तत्त्वज्ञानाचा शब्द वापरला तर चूल विझते. निव्वळ घरकामाचा वापरला तर कविता तक्रारीपुरती उरते.

८. समारोप

वरील विवेचनावरून शब्दाच्या कुळाविषयी अनुवादकाने स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न हाती येतात. मूळ शब्दाची व्युत्पत्ती त्या भाषेच्या वाचकाच्या मनात जिवंत आहे काय? नसल्यास, ती कृती आपल्या रूपकांनी वा युक्तिवादाने तिला जागे करते काय? आणि जो पर्याय निवडला जात आहे, त्याचे स्वतःचे कूळ त्या कृतीच्या विरोधात जाते काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल तर व्युत्पत्ती कोशात राहू द्यावी. ‘तुरुंग’ पोर्तुगीज आहे म्हणून कैद्याच्या तोंडून तो काढून घेण्याचे कारण नाही. उत्तर होकारार्थी असेल तर सोयीचा रूढ शब्दही बाजूला ठेवण्याची तयारी हवी. तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. मूळ शब्दाचा इतिहास तपासणारा अनुवादकही आपल्या भाषेतील शब्द पारदर्शक समजून चालतो, आणि ‘हुतात्मा’सारखा शब्द त्याच्या नकळत आपले म्हणणे मांडून जातो.

महाविद्यालयीन अध्यापनात आणि परीक्षणांत अनुवादाची चिकित्सा अजूनही पुष्कळदा चुकांच्या यादीवर थांबते. अमुक शब्दाचा कोशातील अर्थ तमुक, तो येथे उतरला नाही, एवढे दाखवून समीक्षा संपते. प्रतिशब्द बरोबर आहे की चूक यापेक्षा तो कोणत्या प्रयोजनाने आला आहे आणि त्याच्याबरोबर आणखी काय आले आहे, हे पाहणे अधिक फलदायी होईल. ‘अनुवाद’ आणि पुनरुक्ती यांना वेगळे करणारी रेषा न्यायसूत्रांनी प्रयोजनावर आखली होती. ऋषीचे कूळ शोधू नये हे म्हणीचे सांगणे ऋषीपुरते ठीक आहे. शब्दाचे कूळ मात्र शोधावे, आणि शोधून झाल्यावर त्याला त्याच्या आजच्या कामावरूनच जोखावे.